पुसलेला आकडा

त्या दिवशी तारकोंडच्या जेटीवर जे घडलं, ते वीस-बावीस माणसांनी पाहिलं. पण रेवती केळुसकरच्या हातातल्या यंत्राच्या पडद्यावर काय उमटलं, ते फक्त तिनं पाहिलं. पुढचं सगळं त्या एका आकड्यामुळे घडलं.

रेवती बंदर खात्यात सुरक्षा निरीक्षक होती. खाडीच्या अलीकडे तारकोंड, पलीकडे माणगे. मधलं अंतर बारा मिनिटांचं, आणि त्यावर चालणाऱ्या सात प्रवासी होड्या तिच्या अखत्यारीत. त्यातली एक होडी तिच्या सख्ख्या थोरल्या भावाची होती. जनार्दन केळुसकर गेली तीस वर्षं या खाडीत होडी घालत होता. त्याच्याच होडीतून रोज पलीकडच्या हायस्कुलात जाऊन रेवती शिकली होती.

दोन हजार एकेचाळीस साली खात्यानं सगळ्या निरीक्षकांना घनमापी दिला. चष्म्याच्या घराएवढी डबी. बाजारात तोवर ती सगळीकडे आलीच होती. आंब्याचे व्यापारी पेटीवरून ती फिरवून न कापता आतला साका, म्हणजे बिघडलेला गर, ओळखायचे, सोनार कस न लावता दागिन्यातली भेसळ सांगायचे, दूध-डेअरीतल्या काचेच्या नळ्या कधीच्याच माळ्यावर गेल्या होत्या.

यामागचं तत्त्व जुनं आहे. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला आपल्याकडे ओढते. पृथ्वी नारळाला ओढते तसा नारळही शेजारच्या नारळाला ओढतो. ती ओढ इतकी क्षीण असते की कुणाला जाणवत नाही. घनमापीत जवळजवळ निश्चल होईपर्यंत थंड केलेल्या अणूंचा एक पुंजका असतो. वस्तू जवळ आणली की तो पुंजका खाली पडता पडता तिच्याकडे किंचित झुकतो. त्या झुकण्यावरून वस्तूचं वस्तुमान कळतं, दोन बारीक कॅमेऱ्यांवरून तिनं व्यापलेली जागा कळते, आणि एकाला दुसऱ्यानं भागलं की घनता. लिटरभर जागेत किती ग्रॅम माल आहे, एवढाच त्याचा अर्थ. गोड्या पाण्याचे हजार ग्रॅम, समुद्राच्या पाण्याचे हजार पंचवीस. त्याहून कमी असेल ते तरंगणार, जास्त असेल ते बुडणार.

माणसाची गोष्ट मात्र काठावरची आहे. छाती भरून श्वास घेतला तर माणूस पाण्यापेक्षा जरासा हलका, सोडला तर जरासा जड. नाक-तोंड पाण्याबाहेर राहायचं तर त्याला चार-पाच किलोंचा आधार लागतो, आणि तो देण्यासाठी लाइफ जॅकेट असतं.

पूर्वी जॅकेटची तपासणी म्हणजे मोठा खटाटोप होता. जेटीवर सिमेंटची टाकी होती. जॅकेटला लोखंडाचं वजन बांधून ते चोवीस तास त्यात बुडवून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी किती वजन पेलतं ते बघायचं. सात होड्यांची जॅकेटं तपासायला महिना जायचा. घनमापी आल्यावर रेवतीनं वरती एक टिपण पाठवलं: नव्या यंत्रानं हेच काम चार सेकंदांत होतं, टाकीची आवश्यकता उरलेली नाही. टिपण मंजूर झालं. खात्याच्या वार्तापत्रात रेवतीचा फोटो आला, आणि टाकीत माती भरून कुणीतरी अबोली लावली.

सप्टेंबरात नवी जॅकेटं आली. केशरी, हलकी, छातीवर ठसठशीत शिक्का मारलेली. रेवतीनं एकेका गठ्ठ्यावरून यंत्र फिरवलं. लिटरला अडतीस ग्रॅम. साठच्या आत काहीही चालत होतं. सगळी पास. आता होडीत हीच जॅकेटं सक्तीची होती.

सहा होड्यांनी ती घेतली. जनार्दननं घेतली नाहीत.

"रेवती, ही जाकिटा पाणी पितत," तो म्हणाला. "माझ्या होडयेत मी ती घेवचंय नाय."

"दादा, अडतीस आकडा आलाय. तुझी जुनी मोजली तर पंचेचाळीस येतील. नवी जास्त हलकी आहेत."

"तुझो आकडो सुक्या जाकिटाचो. माणूस काय सुक्यात बुडता?"

आजूबाजूची माणसं हसली. सकाळी नऊची वेळ, माणग्याला जाणारे सगळे जेटीवर उभे होते. शिक्षक होते, मासे घेऊन निघालेल्या बायका होत्या, अंगणवाडीच्या सगुणा मेस्त्री होत्या. त्यांच्यासमोर भावानं आपलं हसं केलं, असं रेवतीला वाटलं. अंगावर खात्याचा गणवेश होता. कान तापले.

जनार्दन होडीत वाकला आणि त्यानं शेजारच्या होडीतून मागून घेतलेलं एक नवंकोरं जॅकेट पाण्याच्या पिंपातून बाहेर काढलं. ते निथळत होतं. "अर्धो तास घातलंय पाण्यात. आता मोज."

नाही म्हणता येईना. रेवतीनं यंत्र जॅकेटजवळ धरलं. चार सेकंद गेले.

दोनशे नव्वद.

तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा दोनशे नव्वद. पडद्याखाली नेहमीचा प्रश्न आला: नोंद ठेवायची?

घनता कळली म्हणजे वस्तूचं सगळं कळलं असं नसतं, हे रेवतीला कॉलेजात शिकवलेलं होतं. फोम दोन तऱ्हेचा असतो. एकात हवेची असंख्य बारीक घरं चहूबाजूंनी बंद असतात. त्यात पाणी शिरत नाही. दुसऱ्यात ती घरं एकमेकांत उघडलेली असतात, आंघोळीच्या स्पंजासारखी. कोरडे असताना दोन्ही सारखेच हलके. यंत्राला दोघांत फरक दिसत नाही, कारण यंत्र फक्त त्या क्षणाचं सांगतं. पाण्यात गेल्यावर तासाभरानं काय होईल, ते टाकी सांगायची.

हे सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. मग तिनं वर पाहिलं. बावीस माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. जनार्दनही बघत होता, ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसत.

"काय दाखवल्यान?" त्यानं विचारलं.

"नियमाप्रमाणे मोजणी कोरड्या जॅकेटची होते," रेवती म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा चढला. "ओल्या मालाच्या मोजणीला काही अर्थ नाही."

तिनं 'नाही'वर बोट ठेवलं. आकडा पुसला गेला.

आणि तेवढ्यावर ती थांबली नाही. मान्यताप्राप्त जॅकेटं होडीत नाहीत या कारणावरून तिनं तिथंच, सगळ्यांसमोर, भावाचा परवाना तीस दिवसांसाठी स्थगित केला. खात्याच्या यंत्रणेतून होडीच्या इंजिनाला कुलूप घातलं. इंजिन एकदा बारीक किणकिणलं आणि त्यावरचा हिरवा दिवा मालवला. जनार्दननं ओलं जॅकेट काठावर वाळत घातलं आणि तो घराकडे चालू लागला.

मग रेवतीनं जमलेल्यांना नेहमीचा धडा दिला. पट्टे कसे आवळायचे, शिट्टी कुठे असते. "आणि होडी उलटलीच तर घाबरून हातपाय मारायचे नाहीत. दमछाक होते. जॅकेट तुम्हाला धरून ठेवतं. पाठीवर शांत पडून राहायचं, मदत येईपर्यंत." सगुणाबाईंनी पट्टा आवळून दाखवला आणि विचारलं, "असा ना गो?" रेवतीनं मान हलवली.

त्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता तिनं हिशेब केलाच. जॅकेट सोळा लिटरचं. कोरडं असताना पंधरा किलो पेलणार. दोनशे नव्वदला अकरा. ते अर्ध्या तासात, नुसतं पिंपात पडून. अंगावर असताना लाटेनं दाबलं जाऊन ते याहून भराभर पिणार. मग तिनं स्वतःची समजूत घातली: बारा मिनिटांची तर खाडी आहे. बचाव नौका वीस मिनिटांत पोचते. तेवढा वेळ पुरे आहे. उद्या वरती कळवू.

तो उद्या आला नाही. कळवायचं तर पुसलेला आकडा सांगावा लागला असता.

बाराव्या दिवशी खाडीच्या मुखाशी अचानक उसळलेल्या लाटेनं माणग्याकडे निघालेली एक होडी आडवी झाली. नावाडी धरून अकराजण होते, सगळ्यांच्या अंगात केशरी जॅकेटं. बचाव नौका नेमकी शेजारच्या बंदरात एका बंद पडलेल्या ट्रॉलरला ओढायला गेली होती. रेवती तालुक्याला, नव्या निरीक्षकांना घनमापी शिकवायला. तिचा फोन टेबलावर तीनदा थरथरला. तिन्ही वेळा पडद्यावर 'दादा' होतं. पुन्हा परवान्यावरून वाद घालणार, असं वाटून तिनं तो पालथा घातला.

जनार्दनला काठावरून सगळं दिसत होतं. इंजिनाचं कुलूप काढायची सोय एकट्या रेवतीकडे होती. ती फोन उचलत नाही म्हटल्यावर त्यानं वल्ही काढली. इंजिनानं सहा मिनिटं लागली असती. भरतीच्या उलट वल्हवत त्याला चाळीस लागली. आपली जुनी, फाटकी जॅकेटं एकेक करून त्यानं पाण्यातल्या माणसांकडे फेकली. उलट्या होडीला धरून राहिलेले आठजण आणि हातपाय मारत काठाच्या बाजूला सरकलेले दोघं, असे दहाजण वाचले.

सगुणाबाई होडीपासून लांब वाहत गेल्या होत्या. त्या पाठीवर पडून होत्या, असं वाचलेल्यांनी सांगितलं. हाका मारल्या, "हात मारा, इकडे या," तर त्यांनी हातानंच 'ठीक आहे' अशी खूण केली. थोड्या वेळानं केशरी रंग दिसेनासा झाला.

रेवतीनं फोन सुलटा केला तेव्हा न घेतलेले तीन फोन आणि एक निरोप होता: 'इंजिन सोड.'

चौकशी लागली. रेवतीला निलंबनाची भीती होती, पण तिच्याकडे कुणी बोटही दाखवलं नाही. यंत्रातल्या नोंदी काढल्या गेल्या; त्यात प्रत्येक जॅकेटपुढे अडतीस आणि 'पास' होतं. जनार्दनचा परवाना स्थगित करणं नियमाला धरून होतं. प्राथमिक अहवालात लिहिलं होतं: मृत व्यक्तीने जॅकेटचे पट्टे योग्य रीतीने बांधले नसावेत. वरिष्ठांनी तिला फोन करून धीर दिला. "तुमच्या नोंदी चोख आहेत, केळुसकर. तुम्ही निर्धास्त राहा."

ती निर्धास्त राहू शकली नाही. जेटीवर गेलं की माणसं तिला पूर्वीसारखाच नमस्कार करायची, आणि तिला तो घेता यायचा नाही. वाचलेल्यांपैकी एका बाईनं तर तिचा हात धरून सांगितलं, "तुम्ही जॅकेटं सक्तीची केलीत म्हणून आम्ही वाचलो." त्या दिवशी रेवती घरी येऊन न्हाणीघरात बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

जनार्दनच्या घरी ती दोनदा गेली. पहिल्यांदा तो तिला पाहून परसात निघून गेला. दुसऱ्यांदा तो अंगणात जाळं दुरुस्त करत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "त्या दिवशी मशीनीन काय दाखवल्यान होता?"

"तसं काही... लक्षात नाही, दादा."

त्यानं हातातली सुई थांबवली आणि तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा जाळ्यात मान घातली. रेवती उभीच होती. वहिनीनं आतून पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. घेववलं नाही.

जाहीर सुनावणी माणग्याच्या हायस्कुलात झाली. समोर चौकशी अधिकारी देवस्थळीबाई, बाजूला खात्याचे दोघं, आणि बाकांवर दोन्ही काठांची माणसं. पहिल्या बाकावर सगुणाबाईंची मुलगी कल्याणी होती. ती गोव्यात औषधांच्या दुकानात काम करायची. तिच्या शेजारी तिचे वडील, गुडघ्यांवर हात ठेवून.

अहवालाचं वाचन सुरू झालं. 'पट्टे योग्य रीतीने बांधले नसावेत' हे वाक्य आलं तशी कल्याणी उठली.

"माझी आई अंगणवाडीतल्या पोरांच्या चपलांचे बंदसुद्धा दोनदा तपासायची," ती म्हणाली. "ती पट्टे न बांधता बसेल?"

"आपण बसा," देवस्थळीबाई सौम्यपणे म्हणाल्या. "तुमचं म्हणणं नोंदवून घेऊ. जॅकेट सदोष असल्याचा काही पुरावा असेल तर सांगा."

कल्याणीकडे पुरावा नव्हता. ती उभीच राहिली. वडिलांनी तिचा हात ओढला, तरी बसेना. खात्याच्या माणसानं घड्याळ पाहिलं.

रेवती मागच्या बाकावर होती. ती उठल्याचं तिचं तिलाही आधी कळलं नाही.

"पुरावा होता," ती म्हणाली. "मी पुसला."

सगळे वळले. देवस्थळीबाईंनी तिला पुढे बोलावलं. तिनं सांगितलं. पिंपातलं जॅकेट, अर्धा तास, दोनशे नव्वद. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच. फोम उघड्या घरांचा असल्याची शंका तिथंच आली. संध्याकाळी हिशेबही केला. कुणाला कळवलं नाही. मग फोनबद्दलही सांगितलं, तीनदा फोन आला आणि तिन्ही वेळा नाव वाचून फोन पालथा घातला.

खात्याचा माणूस घाईनं मध्ये पडला. "ओल्या मालाची मोजणी नियमात बसत नाही. म्हणून यांनी ती नोंद ठेवली नाही. हे पद्धतीला धरूनच आहे."

देवस्थळीबाईंनी रेवतीकडे पाहिलं. "असंच का? नियमात बसत नाही म्हणून पुसलीत?"

हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. रेवतीला ते कळत होतं. सभागृहात पंखे फिरत होते आणि जनार्दन दाराजवळच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे बघायचं धाडस तिला होईना.

"नाही," ती म्हणाली. "नियम मला नंतर आठवला. जेटीवर बावीस माणसं होती. माझा भाऊ मला खोटं पाडत होता, आणि तो बरोबर होता. टाकी बंद करायला मीच लावली होती. तो आकडा मोठ्यानं वाचला असता तर माझी चूक सगळ्यांना दिसली असती. ते मला नको होतं, म्हणून पुसला. आणि भावाचं इंजिन बंद केलं तेही त्यासाठीच."

कुणीतरी मागून शिवी दिली. कल्याणीचे वडील तसेच समोर बघत बसले होते. रेवतीला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. उलट, आजवर जे एकटीला माहीत होतं ते आता दोन्ही काठांना माहीत झालं होतं, आणि ती त्यांच्यासमोर उभी होती.

देवस्थळीबाईंनी तिथल्या तिथे एक जॅकेट पाण्यात टाकायला लावलं. शाळेच्या मागच्या हौदात, माणसाला लागतो तेवढ्याच भाराच्या विटा बांधून. दोन तासांत ते तळाला गेलं. संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावरच्या तीन जिल्ह्यांतून ती जॅकेटं परत मागवण्याचा हुकूम निघाला. रेवतीला निलंबित केलं गेलं; पुढे खटला उभा राहील, असंही सांगण्यात आलं. जनार्दनच्या इंजिनाचं कुलूप तिनं शेवटचं काम म्हणून स्वतःच काढलं आणि घनमापी टेबलावर ठेवला.

बाहेर धक्क्यावर तारकोंडची माणसं होड्यांत चढत होती. रेवती पायरीवर उभी राहिली. कुठल्या होडीत बसावं ते तिला कळेना. जनार्दन सकाळी वल्हवत आणलेल्या आपल्या होडीत उभा होता.

"तुका तेव्हाच म्हायत होता," तो म्हणाला. विचारणं नव्हतं ते.

"हो, दादा."

"मी वाचवलेल्यांचे हात धरून ओढत होतंय तेव्हा जाकिटातून पाण्याची धार लागत होती. माका वाटला, तुका सांगूक व्हया. तू इल्यावर सांगीन. आणि तुका म्हायत होता."

तो दोरी सोडायला वाकला. तिला बस म्हणाला नाही, बसू नको असंही म्हणाला नाही.

तेवढ्यात मागून कल्याणी आली. लहानपणापासून ती तिला रेवतीमावशी म्हणायची.

"मॅडम," ती म्हणाली, "मला एक लेखी हवंय. आईनं पट्टे नीट बांधले होते, असं. अहवाल बदलायला त्यांना महिने लागतील. बाबांना आज हवंय."

तिच्याकडे शाळेच्या वहीचा कोरा कागद होता. रेवतीनं तो पायरीच्या कठड्यावर ठेवून उभ्यानंच लिहिलं: 'कै. सगुणा मेस्त्री, अंगणवाडी सेविका, यांनी जॅकेट योग्य रीतीने बांधले होते. पाण्यात पडल्यावर त्या मी शिकवल्याप्रमाणे शांत तरंगत राहिल्या. त्यांच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

कल्याणीनं कागद घेतला आणि वाचला. मग तो परत कठड्यावर ठेवून एका शब्दावर बोट टेकवलं.

"'शांत' खोडा," ती म्हणाली. "ती शांत होती की नाही, तुम्हाला काय माहीत?"

रेवतीनं तो शब्द खोडला. खाडाखोडीच्या शेजारी पुन्हा लहान सही करावी लागते, तशी केली. कल्याणीनं तीही नीट निरखली, कागदाची घडी घातली आणि ती वडिलांकडे चालत गेली.